कवळीकाकांची मेणाची निवृत्ती

माझ्या धाकट्या बहिणीचे मिस्टर समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, तोंडात बघून बोलतात. चौतीस वर्षं कवळ्या बनवल्यावर दुसरं काय होणार! लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आले, मी चहा पुढे केला, तर कप हातात घेता घेता म्हणाले, "तुमचा वरचा डावा सुळा जरा पुढे आहे. पण शोभतो हं." मी आत जाऊन आईला सांगितलं, "माणूस अर्धवट आहे, पण नजर चांगली आहे. देऊन टाक धाकटीला."

गल्लीत त्यांना सगळे कवळीकाका म्हणतात. मी पाठीमागे कवळीकाका म्हणते आणि तोंडावर भावजी. मोठ्या मेव्हणीला एवढी सूट असतेच.

कामाची जागा म्हणजे एक डेंटल लॅब, तीही तळघरात. आठ टेबलं, आठ दिवे, प्लास्टरची पांढरी धूळ, वितळलेल्या मेणाचा वास, आणि खिडकी औषधालासुद्धा नाही. सकाळी नऊला खाली उतरायचं, संध्याकाळी सहाला वर यायचं. दातांच्या डॉक्टरकडून पेशंटच्या जबड्याचं माप येतं, त्यावरून हे साचा ओततात, आणि मग कवळी आधी मेणात बसवतात. मेणात दात रोवलेली ती कच्ची कवळी पेशंट तोंडात घालतो, आरशात बघतो, आणि 'मी घोड्यासारखी दिसते', 'माझे दात असे कधीच नव्हते' असं काय काय सांगतो. मग भावजी मेण गरम करून दात इकडचे तिकडे करतात. सगळं पसंत पडलं की मगच पक्की कवळी. एकदा पक्की झाली की दात जागचा हलत नाही.

या माणसाचा सगळा संसार याच एका नियमावर चाललाय. आधी मेणात बघा. सोफा घ्यायचा होता तेव्हा चार खुर्च्या आणि एक गादी सोफ्याच्या मापाने पंधरा दिवस मांडून ठेवली होती. त्या 'सोफ्या'वरून मी दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा भावजींनी मला उठवायच्या आधी वहीत काहीतरी लिहिलं.

तर झालं असं, की गेल्या वर्षी वर्ष संपायला चार महिने उरले असताना लॅबच्या मालकीणबाईंनी भिंतीला कागद लावला. साठीपर्यंत थांबायचं नसेल त्याला यंदा लवकर निवृत्त होता येईल. अर्ज वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत द्यायचा, आणि एकदा दिला की परत मिळणार नाही. भावजी साडेअठ्ठावन्न वर्षांचे. आत्ता सुटले तर आजच्या पगाराच्या शंभरातले साठ पेन्शन म्हणून मिळणार. साठीपर्यंत, म्हणजे अजून दीड वर्ष थांबले तर बहात्तर.

"साठ काय आणि बहात्तर काय," भावजी मला म्हणाले. "ताई, मला मंगळवारची दुपार बघायचीय."

"ती काय वेगळी असते?"

"तेच तर मला माहीत नाही! चौतीस वर्षांत मी मंगळवारची दुपार पाहिलेली नाही. तीन वाजता रस्त्यावर कोण असतं? ऊन कुठल्या भिंतीवर पडतं? दुकानदार काय करतात, झोपतात?"

मी हसले. पण ते हसले नाहीत, आणि मग मीही तोंड मिटलं. खरंच हो, माणसाने उभ्या आयुष्यात दुपार बघू नये म्हणजे काय!

धाकटी तेव्हा जमिनीवर बसून पडद्याला दुमड घालत होती. ती घरीच पडदे शिवते. पुढची खोली तिचं वर्कशॉप, दोन ते पाच ही तिची कापायची वेळ, आणि त्या वेळात त्या जमिनीवर पाय ठेवेल त्याची काही खैर नाही. तोंडातल्या टाचण्या काढून ती म्हणाली, "बघा की दुपार. कोण नको म्हणतंय? फक्त एकदा बघायचीय की पुढची तीस वर्षं बघायचीय, ते ठरवा. तीस वर्षं साठात भागेल का?"

"भागेल की नाही ते मेणात बघू," भावजी म्हणाले.

झालं! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दुसऱ्याच दिवशी दोन पाकिटं आली. एकावर 'साठ', दुसऱ्यावर 'चाळीस'. पुढचे तीन महिने घर साठच्या पाकिटातून चालवायचं, जणू काही निवृत्त झालोच आहोत. चाळीसचं पाकीट थेट बँकेत. त्यांची लेक, म्हणजे माझी भाची, दुसऱ्या शहरात बँकेत नोकरी करते. तिने फोनवरून सांगितलं, "बाबा, ते चाळीस आधी मुदत ठेवीत टाका. अडीअडचणीला घरखर्च हाताशी हवा. शेअर बाजाराच्या फंडाचं नंतर बघू."

"शेअर बाजार म्हणजे जुगार," भावजी म्हणाले.

"बाबा, साठ आज साठ आहेत. दहा वर्षांनी त्या साठात आजच्याएवढं सामान येणार आहे का?"

भावजी एकदम उजळले. "अगं, हिरडी आटते तसं! कवळी तीच असते, हिरडी आटते, आणि पाच वर्षांनी कवळी तोंडात खडखडायला लागते. मग आतून नवा थर द्यावा लागतो."

"हां. तर तो थर म्हणजे फंड."

"असं आधी सांगायचं ना!"

तेव्हापासून हा माणूस महागाईला 'हिरडी' म्हणतो. भाजीवालीला म्हणाले, "काय हो, हिरडी फार आटली या आठवड्यात." ती बिचारी तोंडावर पदर घेऊन बसली.

तीन महिने दोघांनी साठात काढले आणि, नवल म्हणजे, काढून उरवले! पहिल्या महिन्यात चार उरले, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात तर सहा. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मी त्यांच्याकडे जेवायला गेले तर भावजींनी मला दारातच पकडलं आणि चपला काढायच्या आधी गोल फिरवलं.

"ताई! साठाला सहा उरले! निवृत्ती तोंडात फिट्ट बसली! सोमवारी अर्ज देतो."

धाकटी पानं मांडत होती. तिचा चेहरा काही खुललेला नव्हता, पण बोलायला मुद्दा नव्हता. आकडे समोर होते. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. बहिणीची ती नजर मी ओळखते. ताई, काहीतरी कर, अशी नजर.

मला शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. निवृत्तीतलं मला एकच कळतं, आणि जेवायला बसल्यावर तेच मी विचारलं. "भावजी, या तीन महिन्यांत तुम्ही कामावर किती दिवस गेलात?"

"रोज गेलो. खाडा नाही."

"मग निवृत्त कोण झालं होतं?"

भावजींचा घास हातातच राहिला.

"दुपारचं जेवण कुठे झालं?"

"लॅबमध्ये. डबेवाला देतो, मालकीणबाई पैसे भरतात."

"चहा?"

"लॅबचा."

"पेपर? पंखा? गप्पा मारायला माणसं?"

"...लॅबची."

"म्हणजे घरखर्च निवृत्त माणसाचा आणि माणूस नोकरीतला! भावजी, दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. मेणाची कवळी घालून तुमचा पेशंट नुसता हसला. चावून कुठे बघितलं?"

"मेणावर चावायचं नसतं," ते अगदी हळू म्हणाले. "मेण फाकतं." आणि मग कपाळावर हात मारून घेतला, इतक्या जोरात की वाटीतली आमटी टेबलभर झाली. "चौतीस वर्षं! चौतीस वर्षं मी पेशंटला सांगतोय, मेणात फक्त बघा, खरी परीक्षा खाताना! आणि मी..."

धाकटीला हसू आवरेना. टेबल पुसता पुसता ती खाली बसली आणि टेबलाखालूनच हसत राहिली.

सोमवारी अर्ज गेला, पण रजेचा. साठलेली रजा महिनाभराची निघाली. वर्षाचा शेवटचा महिना भावजी घरी, खर्चाला पाकीट तेच, साठ. आणि महिना संपेल त्या दिवशी अर्जाची मुदतही संपणार. म्हणजे या महिन्यात जे दिसेल तेच शेवटचं.

अहो, काय महिना होता तो! पहिलाच दिवस मंगळवार. दोन वाजता हा गृहस्थ भांग पाडून, बूट चमकवून, लग्नाला निघाल्यासारखा निघाला आणि साडेपाचला लाल होऊन परत आला. "ताई, तीन वाजता ऊन पोस्टाच्या भिंतीवर येतं! तिथे बाकावर चार म्हातारे बुद्धिबळ खेळतात! त्यांच्यातल्या एकाची कवळी मी बनवलेली आहे, मी हसण्यावरून ओळखली!" त्या आनंदात त्यांनी चौघांना कॉफी पाजली. कॉफीबरोबर केक. बुधवारी त्या चौघांनी बुद्धिबळाच्या क्लबात नेलं, तिथे वर्गणी. गुरुवारी संग्रहालय, तिकीट. शुक्रवारी चालून चालून पाय दुखले म्हणून नवे बूट. सोमवारी बाहेर जायचं नाही असं ठरवून घरी बसले, आणि घरी बसल्या बसल्या धाकटीच्या वर्कशॉपमध्ये 'जरा सोय करून देतो' म्हणून फळी ठोकायला भिंतीत ड्रिल घातलं. ड्रिल नवं. भिंत जुनी. भिंतीतला पाण्याचा पाइप त्याहून जुना. प्लंबर आला, तो पैसे घेऊन गेला, आणि भिजलेल्या पडद्याचं कापड नवं आणावं लागलं.

"तुमची दुपार," धाकटी ओला पडदा पिळत म्हणाली, "माझ्या दुपारीत कशाला घुसवता?"

"अगं, मदत..."

"मदत नको. पाय वर घ्या. टाचण्या आहेत."

वर दिवसभर शेअर बाजाराचा नाद लागला तो वेगळाच. भाचीच्या सांगण्यावरून त्यांनी चाळीसमधली थोडी रक्कम एका फंडात दर महिन्याला जाईल अशी लावली होती. आता वेळच वेळ, मग दिवसातून अकरा वेळा फोन उघडून बघायचे. दात हलायला लागला की जीभ तिथेच जाते ना, तसं. वाढला की शीळ, घसरला की उसासा. शेवटी भाची फोनवर ओरडली, "बाबा, दात सारखा हलवला तर पडतो. वर्षातून दोनदा बघा!" तेव्हा कुठे थांबले.

अकराव्या दिवशी साठचं पाकीट रिकामं झालं. भावजींनी ते उलटं करून झटकलं. आतून एक बटण पडलं.

मला वाटलं, आता माणूस खचणार. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं काहीतरी म्हणत बसणार. पण ते उठले आणि लाल पेन्सील घेऊन बसले. पक्की कवळी टोचते म्हणून पेशंट परत येतो तेव्हा सगळी कवळी घासत नाहीत. जिथे टोचतं तिथेच रंग लावून खूण करतात आणि तेवढंच घासतात. भावजींनी अकरा दिवसांचा एकेक खर्च लिहिला, शेजारी वेळ लिहिली, आणि लाल खुणा करत गेले. मी आणि धाकटी खांद्यावरून बघत होतो. सकाळी, काही नाही. संध्याकाळी, काही नाही. सगळी लाली दोन ते पाचमध्ये.

"दुपार!" भावजी म्हणाले. "दुपार महाग आहे गं!"

"मला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं," मी म्हणाले. "मी निवृत्त झाल्यावर पहिल्या दुपारी शिलाई मशीन घेतलं. मला शिवता येत नाही."

मग चाळीसच्या पाकिटाला हात लागला, पण मोजून. शेवटचे दोन आठवडे नवी चाचणी. मंगळवारी आणि शुक्रवारीच बाहेर जायचं. बुद्धिबळ, बाक, ऊन, एक कॉफी, स्वतःची. उरलेल्या तीन दुपारी गप्प बसायचं. आणि आकडे बसले हो! आठवड्याला पंधरा, महिन्याला बरोबर साठ.

भावजी पुन्हा मला गोल फिरवायला आले. मी हात मागे घेतले. "थांबा. त्या तीन दुपारी तुम्ही कुठे बसला होता?"

"तुमच्याकडे."

"काय खाल्लंत?"

"बिस्किटं."

"किती?"

"...डबा."

"दोन डबे! आणि चहा, आणि माझा पेपर, आणि माझं शब्दकोडं पेनाने भरून ठेवलंत, तेही चूक. जन्मभर आठवड्याला तीन दुपारी माझ्याकडे बसणार आहात?"

"बसलो तर काय झालं?" म्हणे! धाकटी तर खुशाल म्हणाली, "हो गं ताई, काय झालं? घेऊन जा त्यांना."

"मुळीच नाही!" मी म्हणाले. "तीन दुपारी जिथे फुकट चहा आणि पंखा आहे तिथे जा. तुमच्या त्या तळघरात!"

मी तोडून टाकायला बोलले होते. पण भावजींनी ते खरंच धरलं. पेन्सील कानामागून काढली, पाकिटाच्या पाठीवर काहीतरी लिहिलं, मग पुन्हा लिहिलं.

"ताई," ते म्हणाले, "आठवड्यात पाच दिवस काम. त्यातले तीन दिवस केलं तर पगार किती?"

"शंभरातले..." धाकटी म्हणाली आणि थांबली.

"साठ," मी म्हणाले.

साठ! तेच साठ, आणि पेन्शनला हात न लावता. भाचीला फोन लावला. ती तिकडे टकटक करत हिशोब करत होती, आणि भावजी इकडे तिच्या श्वासाकडे कान लावून. "बाबा, मालकीणबाई हो म्हणाल्या तर सोनं आहे. दीड वर्ष पेन्शनचा फंड चालूच राहील. पगार कमी म्हणजे त्यात जमा थोडी कमी, म्हणून साठीला बहात्तर नाही मिळणार. एकोणसत्तरच्या आसपास. चालेल?"

"एकोणसत्तर म्हणजे साठापेक्षा नऊ जास्त! हिरडीसाठी थर!"

"पण बाबा, त्या हो म्हणाल्या तर."

खरं घोडं तिथेच अडलेलं होतं. लॅबमध्ये अर्धा आठवडा काम असा प्रकारच नव्हता. एक तर पूर्ण, नाहीतर घरी. आणि मुदत दोन-तीन दिवसांवर आली होती. भावजींनी दोन अर्ज लिहिले. एक लवकर निवृत्तीचा, एक तीन दिवसांचा. तीन दिवसांचा नामंजूर झाला तर निवृत्तीचा देऊन मोकळं व्हायचं, मग साठात आणि बिस्किटांवर जन्म काढायचा. दोन अर्ज दोन खिशांत. कुठला कुठल्या खिशात ते विसरू नये म्हणून धाकटीने डाव्या खिशाला टाचणी लावली. ती त्यांना बसमध्ये टोचली.

पुढचं मला भावजींनीच सांगितलं, दहा वेळा, आणि दर वेळी मालकीणबाई थोड्या उंच होत गेल्या. त्यांनी तीन दिवसांचा अर्ज वाचला, चष्मा काढला, परत घातला.

"मंगळवार आणि शुक्रवारच का नाही यायचं?"

"मंगळवारी मला दुपार बघायची असते."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी मंगळवारची आठवण येते."

मालकीणबाई हसल्या म्हणे. मग गंभीर झाल्या. "तुम्ही पूर्ण गेलात तर ते निवृत्त न्यायाधीश, ज्यांना अकरा वेळा दात हलवून द्यावे लागले, त्यांचं कोण बघणार? मी? तीन दिवस चालेल. पण एक अट. ते न्यायाधीश येतील तो दिवस तुमचाच."

"आणि ते मंगळवारी आले तर?"

"मंगळवारी मी त्यांना घेणारच नाही."

भावजी धावत घरी आले. मी तिथेच होते, धाकटीबरोबर, दोघींची नखं कुरतडून संपलेली. दारातून आत आले ते थेट जमिनीवरच्या पडद्यावर उभे राहिले, बुटांसकट, आणि धाकटी काही बोलली नाही, यावरून काय ते समजा.

"मंजूर! सोमवार, बुधवार, गुरुवार लॅब. मंगळवार, शुक्रवार मी."

धाकटीने डोळे पुसले, आणि मग लगेच वहीत पुढच्या आठवड्याच्या ऑर्डरी खोडायला लागली.

"काय करतेस?" मी विचारलं.

"मंगळवारचं काम बुधवारी ढकलतेय. मीही बावीस वर्षं दुपारी खाली मान घालून कापतेय. मंगळवारी मीपण जाणार."

"अगं पण," भावजी घाबरून म्हणाले, "दोघं म्हणजे कॉफी दोन! बसची तिकिटं दोन! साठाचा हिशोब एका माणसाच्या दुपारीवर बसवलाय!"

"मग एका कॉफीत दोघं पिऊ. नाहीतर बाकावर नुसते बसू. ऊन फुकट आहे ना?"

भावजी पेन्सील शोधायला लागले. खिशात, कानामागे, सोफ्याखाली. मी त्यांना म्हणाले, "अहो, आज मंगळवारच आहे, आत्ता अडीच वाजलेत." पण त्यांचं लक्ष नव्हतं, ते एका कॉफीचे दोन भाग करण्यात गुंतले होते, आणि धाकटी तोवर केस विंचरून, चपला घालून, दार उघडून उभी होती.